'प्लेसमेकिंग'साठी मराठी शब्द हवा आहे

पानापानांत

एका वास्तुरचना प्रदर्शनातील फलकांचा मजकूर मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. छापखाना बंद झाल्यापासून पुरेशी वापरात नसलेली, शहराच्या अगदी मध्यभागी असलेली एक जागा हा त्या प्रस्तावाचा विषय आहे. संस्कृती, डिझाइन आणि 'प्लेसमेकिंग' (जागा लोकांना येऊन थांबावीशी वाटेल अशी करणे) यांच्या साहाय्याने या 'अंडरयूज्ड' जागेचे 'रिजनरेशन' करायचे आहे, असे मूळ उपशीर्षकात म्हटले आहे. माझी अडचण तीन ठिकाणी होते. 'अंडरयूज्ड'साठी 'पडीक' लिहावे, तर जागा पडीक नाही. अर्ध्या भागात गाड्या उभ्या राहतात आणि एका कडेला गोदाम चालू आहे. 'रिजनरेशन'साठी मी 'पुनर्विकास' लिहिले होते, ते तपासणाऱ्या वास्तुविशारदांनी खोडले. त्यांच्या म्हणण्यानुसार पुनर्विकास म्हणजे जुने पाडून नवे उंच बांधणे, आणि येथे तर छापखान्याची इमारत राखायची आहे. 'प्लेसमेकिंग'साठी 'स्थाननिर्मिती' हा शब्द सुचला, पण तो मला स्वतःलाच मोठ्याने वाचवत नाही. कृपया मार्ग सुचवावा.

कोशवाचक

'पुनर्विकास' खोडला गेला ते योग्यच झाले. शब्दाच्या घडणीत पाडापाडी कुठेही नाही, पण वापराने तो अर्थ त्याला इतका चिकटला आहे की आता सोडवता येणार नाही. कोणी 'जीर्णोद्धार' सुचवण्याआधीच सांगून ठेवतो, की जीर्णोद्धारात वास्तू नवी होते आणि तिचा हेतू जुनाच राहतो. लंडनमधील बँकसाइडचे वीजकेंद्र 1981 मध्ये बंद पडले आणि 2000 मध्ये त्याच इमारतीत 'टेट मॉडर्न' हे कलासंग्रहालय सुरू झाले. टर्बाइनचे ते अवाढव्य दालन राहिले, वीजनिर्मिती मात्र परतली नाही. अशा बदलाला जीर्णोद्धार म्हणता येणार नाही. 'पुनर्जनन' हा शब्द जीवशास्त्राने पालीच्या शेपटीसाठी आधीच घेतलेला आहे. तेव्हा 'पुनरुज्जीवन' वापरावे आणि पुढे जावे.

मोजपट्टी

नगररचनेच्या कामात मी बरीच वर्षे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. 'पुनरुज्जीवन' म्हटले की जागा मेलेली होती हे गृहीत धरले जाते, आणि मूळ मजकुरात गोदाम चालू आहे असे पानापानांत यांनीच लिहिले आहे. परंतु खरा पेच 'प्लेसमेकिंग'चा आहे, कारण 'निर्मिती' म्हटल्याबरोबर कोणीतरी निर्माता गृहीत धरला जातो, आणि ही कल्पना ज्या विचारातून आली त्याचा कल नेमका निर्मात्याला बाजूला सारण्याकडे होता.

अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी 1960 च्या दशकात नकाशावरून शहर आखणाऱ्यांवर कडाडून टीका केली. पुढच्या दशकात शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधील मोठ्या इमारतींसमोरच्या मोकळ्या चौकांवर कॅमेरे लावून माणसे कुठे थांबतात, कुठे बसतात, कोणत्या कोपऱ्याकडे पाठ फिरवतात, याच्या नोंदी घेतल्या. जिथे बसायला सोय आहे तिथेच लोक बसतात, हा त्यांचा निष्कर्ष ऐकायला बाळबोध वाटतो. तरीही कित्येक चौक त्याच्या अगदी उलट बांधलेले होते. याच कामातून प्रेरणा घेऊन 1975 मध्ये 'प्रोजेक्ट फॉर पब्लिक स्पेसेस' ही संस्था उभी राहिली आणि तिने 'प्लेसमेकिंग' हा शब्द जगभर नेला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचे आहे. ते उद्यान रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच आणि कुंपणझुडपांच्या आड होते. आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नसे, म्हणून ती जागा अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या सोयीची झाली होती. व्हाइट यांनी सुचवलेले उपाय साधे होते: झुडपे काढा, प्रवेश रुंद करा, आत शिरणे सोपे करा. 1992 मध्ये उद्यान पुन्हा उघडले तेव्हा तिथे हव्या तिथे ओढून नेता येतील अशा सुट्या खुर्च्या आल्या. आता मला सांगा, यात 'निर्मिती' कशाची झाली? उद्यान आधीही होते. बदलले ते एवढेच, की लोक आत येऊ लागले आणि आपली खुर्ची आपणच ठरवू लागले. म्हणून मी 'जागा नांदती करणे' असे सुचवतो.

उंबरठा

'नांदती जागा' फारच सुरेख आहे. पण त्याहून जवळचा शब्द आपल्या हाताशी आहे, याकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. 'जागा' या शब्दातच 'जागे असणे' दडलेले आहे! जिथे माणूस जागा असतो, ती जागा. म्हणून 'प्लेसमेकिंग'ला 'जागेला जाग आणणे' म्हणावे, आणि असा काही उपक्रम असेल तर त्याला 'जागाजागर' म्हणावे.

कोशवाचक

उंबरठा यांना निराश करताना वाईट वाटते, पण स्थानवाचक 'जागा' फारसीतील 'जायगाह'वरून आली आणि 'जागणे' संस्कृत 'जागृ' धातूवरून. दोघींचा रक्ताचा संबंध नाही.

उंबरठा

व्युत्पत्ती वेगळी असेल, पण ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही शब्द एकत्रच वाजतात. श्लेष कोशाला विचारून होत नाही. आणि 'स्थाननिर्मिती'चे भाऊबंद असलेल्या 'स्थळनिर्मिती'पेक्षा तरी माझा शब्द बरा. तो वाचून लोकांना वधूवर सूचक मंडळाचा फलक वाटेल.

नीरक्षीर

येथे काव्य आणि परिभाषा यांची गल्लत होत आहे. परिभाषेतील शब्दाला कुळ चालवावे लागते; त्यापासून विशेषण, कर्तृवाचक नाम आणि समास होता आले पाहिजेत. 'जागा नांदती करणे' यापासून 'प्लेसमेकर'साठी काय करणार आहात, 'जागा नांदती करणारा'? 'स्थानसाधना' घ्या. त्यापासून 'स्थानसाधक' आणि 'स्थानसाधनात्मक' सहज होतात. पहिल्यांदा ऐकताना शब्द परका वाटतो, हा आक्षेप फार जुना आहे. सावरकरांनी सुचवलेले 'महापौर' आणि 'दिनांक' आज कोणाला खटकतात?

त्याच मजकुरातील 'डिझाइन' तसेच ठेवले आहे, याचेही आश्चर्य वाटते. 'अभिकल्प' हा शब्द उपलब्ध आहे.

मोजपट्टी

'अभिकल्प' हिंदीचा आहे. मराठी बांधकाम खात्याने फार पूर्वीच 'संकल्पचित्र' वापरात आणले, आणि तो शब्द कागदोपत्री रुळलाही. पण तो पूल, तुळया आणि पायाच्या आराखड्यासाठी आहे. सुट्या खुर्च्या कुठे ठेवाव्यात याला संकल्पचित्र म्हणता येणार नाही. 'रचना' पुरे आहे, आणि ते पुरे वाटत नसेल तर 'डिझाइन'ही मराठीच आहे. 'स्थानसाधना'बद्दल बोलायचे, तर साधना एकट्याने, लोकांपासून दूर जाऊन करतात. प्लेसमेकिंगमध्ये नेमके ते करायचे नसते.

फिरस्ती

डिझाइनवरचा वाद चालू द्या, मला 'संस्कृती' या शब्दाबद्दल बोलायचे आहे. त्या प्रस्तावात तो शब्द फार सहजपणे आलेला दिसतो. ब्राझीलमधील साओ पावलो शहरात वास्तुविशारद लीना बो बार्दी यांनी पिंपांच्या जुन्या कारखान्याचे रूपांतर केले. पाडून नवे बांधण्याचा विचार चालू असतानाच त्या कारखान्याच्या छपराखाली मुले खेळत आणि कुटुंबे सुट्टीचा दिवस घालवत, हे त्यांनी पाहिले आणि शेड तशाच ठेवण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या 'सेस्क पोम्पेइया'मध्ये नाटकगृह, वाचनालय, कार्यशाळा, पोहण्याचा तलाव असे सर्व काही आहे. तरी त्यांनी त्याला संस्कृतिकेंद्र म्हणण्याचे टाळले आणि फुरसतीचे केंद्र म्हणणे पसंत केले. त्यांना 'संस्कृती' हा शब्द जड वाटत असे. मराठीत तर तो आणखी जड आहे, कारण 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हटले की आपल्याला व्यासपीठ, दीपप्रज्वलन आणि हारतुरे दिसू लागतात. मी तो फलक लिहीत असते तर 'कला आणि विरंगुळा' असे लिहिले असते.

पानापानांत

'विरंगुळा' मला आवडला, पण प्रस्ताव देणाऱ्यांना निधी मिळवायचा आहे, आणि विरंगुळ्याला निधी मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे पडेल. 'अंडरयूज्ड'बद्दल अजून कोणीही काही सांगितलेले नाही.

मोजपट्टी

'अल्पवापरातील' असे लिहा. रूक्ष आहे, पण अचूक आहे.

फिरस्ती

अचूक आहे का? वापर 'अल्प' आहे हे ठरवणारा कोण, हा प्रश्न त्या शब्दात लपून राहतो. बर्लिनचा टेम्पेलहोफ विमानतळ 2008 मध्ये बंद झाला आणि 2010 मध्ये त्याचे सुमारे 300 हेक्टरचे मैदान लोकांसाठी खुले करण्यात आले. धावपट्ट्यांवर लोक सायकली चालवू लागले, पतंग उडवू लागले, एका भागात भाजीपाल्याचे वाफे आले. शहर प्रशासनाच्या दृष्टीने ती जागा अल्पवापरातील होती, म्हणून कडेने घरे आणि एक मोठे ग्रंथालय बांधण्याचा आराखडा पुढे आला. 2014 मध्ये सार्वमत झाले आणि नागरिकांनी तो फेटाळला. त्यांच्या लेखी मैदानाचा पूर्ण वापर होत होता. छापखान्याच्या आवारात गाड्या लावणारे आणि गोदामातले हमाल यांना विचारले, तर तेही कदाचित हेच म्हणतील.

उंबरठा

मग 'पडून असलेली' का नको? 'पडीक' म्हटले की ओसाडपण आले, 'पडून आहे' म्हटले की नुसती वाट पाहणे आले.

कोशवाचक

पैसेही बँकेत पडून असतात आणि त्यांवर व्याज चढत असते. शहराच्या मध्यभागी जमीन पडून राहते तिच्यामागे बहुधा तेच कारण असते, त्यामुळे उंबरठा यांचा शब्द नकळत फार नेमका ठरतो.

नीरक्षीर

'पडून असलेली' याचा समास होत नाही.

फिरस्ती

समासाची चिंता करण्यापूर्वी मोजपट्टी यांच्या 'नांदती'कडे पुन्हा पाहू. 'नांदणे' फार गोड क्रियापद आहे, आणि माझी हरकत त्या गोडपणालाच आहे. कोण नांदणार, हे त्यात सांगितलेले नसते. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी लंडनमधील कामगारवस्त्यांत मध्यमवर्ग शिरताना पाहून 1964 मध्ये 'जेंट्रिफिकेशन' हा शब्द योजला, आणि त्या शब्दात 'जेंट्री'वरचा, म्हणजे खानदानी जमीनदारवर्गावरचा, उपहास आहे. आपण त्याचे 'अभिजनीकरण' करतो तेव्हा उपहास गळून पडतो आणि काहीतरी चांगले घडले असावे असे वाटू लागते.

न्यूयॉर्कच्या हाय लाइनचे उदाहरण सर्वांना पाठ असेल. उन्नत मालवाहू रेल्वे 1980 मध्ये थांबली, 1999 मध्ये दोन तरुणांनी ती वाचवण्यासाठी संस्था काढली, 2009 मध्ये पहिला टप्पा उद्यान म्हणून उघडला, आणि भोवतालच्या जमिनींच्या किमती गगनाला भिडल्या. त्या दोघांपैकी रॉबर्ट हॅमंड यांनी नंतर जाहीरपणे मान्य केले, की शेजारच्या सरकारी घरांत राहणाऱ्यांसाठी आपण कमी पडलो. त्यांना उद्यान कसे हवे आहे, हे विचारण्यापेक्षा त्यांना काय हवे आहे, हेच आधी विचारायला हवे होते. बर्लिनमधील टाखेलेस ही पडकी इमारत कलाकारांनी 1990 मध्ये ताब्यात घेतली, तिच्या नावाने परिसर जगभर गाजला, आणि 2012 मध्ये उरलेल्या कलाकारांना तिथून बाहेर काढण्यात आले. या प्रवासाला 'नांदणे' म्हणायचे असेल, तर 'नांदवणे' आणि 'नांदू न देणे' हीही त्याच क्रियापदाची रूपे आहेत, हे विसरू नये. मराठीत कोणाला नांदवायचे हे बहुतेक दुसऱ्याच्याच हातात असते.

मोजपट्टी

हा दोष शब्दाचा नाही, कराराचा आहे. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल शहरात मार्कस वेस्टबरी यांनी 2008 मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात मध्यवर्ती रस्त्यावरील रिकाम्या दुकानांचे गाळे कारागीर आणि कलाकार यांना थोड्या मुदतीच्या परवान्यावर दिले गेले. भाडेपट्टा केला असता तर मालक तयारच झाले नसते. मालकाला भाडेकरू मिळाला की जागा सोडायची, ही अट दोघांनाही आधीपासून माहीत होती. गाळे उघडले, रस्त्यावर माणसे परत आली, आणि कोणाची फसवणूक झाली नाही. अशा व्यवस्थेला मी 'दरम्यानचा वापर' म्हणतो. छापखान्याच्या प्रस्तावातही बांधकाम सुरू होईपर्यंत असाच काही वापर योजलेला असणार, तेव्हा हा शब्द पानापानांत यांच्या उपयोगी पडेल.

फिरस्ती

फसवणूक झाली नाही, हे मान्य. पण जाण्याची अट माहीत असलेल्या माणसाला 'नांदतो' म्हणता येत नाही, हे आपणही मान्य करावे. तो पाहुणा असतो.

पानापानांत

सर्वांचे आभार. 'दरम्यानचा वापर' खरोखरच एका फलकावर लागणार होता, तो घेतला आहे. 'पडून असलेली जागा' हेही माझ्या कच्च्या मसुद्यात गेले आहे. 'रिजनरेशन'साठी अजून मन 'पुनरुज्जीवन' आणि काहीच नसणे यांच्यामध्ये घुटमळते आहे. 'प्लेसमेकिंग'साठी आज सकाळी 'वहिवाट' सुचले. माणसे वर्षानुवर्षे ये-जा करतात आणि त्या वापरानेच त्यांचा जागेवर हक्क तयार होतो, हा अर्थ त्यात आहे. 'वहिवाटीची जागा' आणि 'वहिवाट पाडणे' असे प्रयोग चालतील का?

कोशवाचक

अर्थाने उत्तम आहे, परंतु वहिवाट म्हटले की पुढचा शब्द 'दावा' येतो. बांधावरून भांडणारे दोन भाऊ डोळ्यांसमोर उभे राहतात. त्याऐवजी 'राबता' घ्यावा. 'माणसांचा राबता असलेली जागा' हे कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही, आणि व्हाइट यांनी कॅमेऱ्याने जे टिपले तो राबताच होता. मूळ अरबी शब्दात बंधाचा, संबंधाचा अर्थ आहे, हीदेखील जमेची बाजू.

नीरक्षीर

अरबी आहे हे आपणच सांगितलेत ते बरे केलेत. फारसी 'जागा' आणि अरबी 'राबता' मिळून मराठी परिभाषा घडवायची असेल, तर इंग्रजी 'प्लेसमेकिंग'ने काय घोडे मारले होते?

उंबरठा

काहीच मारले नव्हते. तसेच लिहिले तरी वाचणाऱ्याचे अडणार नाही. पण 'जागाजागर'ला अजून कोणी अर्थाच्या बाजूने खोडलेले नाही, हे मी नम्रपणे नोंदवून ठेवते.