नोझावा ओन्सेन सहल: गाडी, बूट आणि उकळतं पाणी

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

नोझावा ओन्सेन या जपानमधल्या स्कीच्या आणि गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी जायला जानेवारीअखेरचा शनिवार-रविवार धरलाय. १५ जानेवारी मुद्दाम टाळली. त्या रात्री गावात दोसोजिन या ग्रामदेवतेचा अग्निउत्सव असतो. ४२ वर्षांचे गावकरी लाकडी मनोऱ्यावर बसतात, २५ वर्षांचे तो खालून राखतात आणि बाकीचे मशाली घेऊन तुटून पडतात. बघण्यासारखाच आहे, पण तेव्हा खोल्या मिळत नाहीत.

शिनकानसेनचं (बुलेट ट्रेनचं) आरक्षण प्रवासाच्या एक महिना आधी सकाळी १० वाजता उघडतं. टोकियोहून हाकुताका नावाची गाडी घ्या. कागायाकी ही गाडी आपल्या इइयामा स्टेशनला थांबत नाही, आणि नाव सारखंच वाटल्यामुळे दरवेळी कोणीतरी तीच घेतं. इइयामाला उतरून नोझावा ओन्सेन लायनर बस, साधारण २५ मिनिटं. आधी शेवटच्या बसची वेळ बघा, मग गाडी ठरवा. उलटं केलंत तर टॅक्सी.

मोठ्या बॅगा ताक्क्युबिनने (सामान पोचवणाऱ्या कुरियरने) किमान दोन दिवस आधी टाका. एका दिवसात पोचतात खऱ्या, पण बर्फ जोरात पडलं की रस्ते अडतात. औषधं, हातमोजे आणि एका रात्रीचे कपडे पाठपिशवीतच ठेवा.

बूट-स्की भाड्याने घेणाऱ्यांनी मापं कळवा.

---

प्रेषक: एक सभासद (स्कीवाले)

मापांबद्दल. "आठ नंबर" लिहू नका, इथे बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये लागतं. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, अंगठ्याच्या टोकाशी रेघ मारा, मोजा. दोन्ही पायांचं मोजा.

उंची आणि वजनही लागेल, आणि वजन खरं लिहा, इथे कोणी हसत नाही. पडल्यावर बूट स्कीपासून कधी सुटावा याचा ताण त्यावरून लावतात. वजन कमी सांगितलंत तर स्की वळताना मध्येच सुटेल, जास्त सांगितलंत तर सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही आणि गुडघा पिळवटेल.

पायमोज्यांचा जोड एकच, गुडघ्यापर्यंतचा. थंडी वाजेल म्हणून दोन घातले की घडी पडते, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात. आत सुती बनियन नको. घामाने भिजलं की वाळत नाही. गॉगल कपाळावर चढवू नका, घामाच्या वाफेने आतून धुरकटतो.

नवख्यांनी हिकागे या खालच्या उतारावर शिकावं. गावातून वर जायला सरकता पट्टा आहे. वरच्या यामाबिको उतारावरचं बर्फ फार छान असतं, पण चारनंतर खाली येणाऱ्या वाटा अरुंद, गर्दीच्या आणि घोटून कडक झालेल्या असतात. पाय थकले असतील तर गोंडोल्यातून (दोरावरच्या बंद डब्यातून) उतरा. त्यात कमीपणा नाही.

---

प्रेषक: एक सभासद

आई-बाबा पुण्याहून आलेले असतील. बाबांना बीपीची गोळी चालू आहे. तिथली गरम पाण्याची कुंडं त्यांना चालतील का? आणि दोघंही शाकाहारी आहेत.

---

प्रेषक: सहल समिती

ताई, गोळीचं त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, गोळीही रक्तदाब उतरवते. त्यामुळे कुंडातून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

गावात १३ सार्वजनिक स्नानगृहं आहेत. गावकरीच ती सांभाळतात, प्रवेश फुकट, दारात पेटी असते तिच्यात नाणी टाकायची. पाणी भलतंच कढत असतं, ओयू नावाच्या स्नानगृहात तर विशेष. बाबांना पहिल्यांदा आपल्या मुक्कामाच्या ठिकाणच्या स्नानगृहात नेलेलं बरं. आत शिरण्याआधी पायांपासून वर लहान बादलीने पाणी घेत जा, मग उतरा. तीन-चार मिनिटं पुरेत. गार पाण्याचा नळ असतो, पण सोडण्याआधी आतल्यांना विचारा आणि नंतर बंद करा. साबण कुंडाबाहेर, टॉवेलही पाण्यात नाही. कपडे घालून चालत नाही, स्त्री-पुरुष वेगळे.

आईंना जोडवी आणि पैंजण खोलीतच काढून ठेवायला सांगा. पाण्यात गंधक आहे, चांदी काळी पडते.

ओगामा नावाच्या उकळत्या झऱ्याच्या कुंडात मात्र कोणी उतरायचं नाही. तिथलं पाणी ९० अंशांच्या आसपास असतं; गावातल्या बायका त्यात नोझावाना ही इथली पालेभाजी उकडतात. बाहेरच्यांना आत प्रवेश नाही, कठड्याबाहेरून बघा.

---

प्रेषक: एक सभासद (खाणंपिणं)

नुसतं "मांस-मासे नको" सांगून भागत नाही. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, सोबाची (बकव्हीटच्या शेवयांची) आमटी, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत कात्सुओचा दाशी, म्हणजे माशाचं पाणी, असतो. आरक्षण करतानाच "दाशीही नको" असं जपानीत लिहून पाठवा, आयत्या वेळी स्वयंपाकी काही करू शकत नाही. जेवण जमणार नाही म्हणाले तर फक्त न्याहारी घ्या किंवा नुसती खोली.

ओयाकी (सारण भरलेल्या पिठाच्या टिक्क्या) मिळतात: भोपळा, वांगं, अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण. नोझावानाच्या सारणात दाशी आहे का ते विचारून घ्या. गरम भात सगळीकडे मिळतो, तेव्हा मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली आणा. तूप थंडीत दगड होतं. जेवणाआधी अर्धा तास कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.