रडू न आलेल्यांचा धागा ('पगलैट'च्या निमित्ताने)

'पगलैट' (2021, नेटफ्लिक्स) परवा पुन्हा पाहिला. लखनौमधलं घर, लग्नाला जेमतेम 5 महिने, नवरा गेलेला, आणि संध्याला रडूच येत नाही. वर भूक लागते. चहा नको, पेप्सी हवी. लहानपणी मांजर गाडीखाली गेलं तेव्हा रडून जेवण सोडलं होतं, आता काहीच वाटत नाही, असं ती सांगते. दिग्दर्शक उमेश बिष्ट तिला निर्दयी ठरवत नाहीत, बिचारीही करत नाहीत. सान्या मल्होत्राने तर कमाल केलीय, आत काय चाललंय ते संध्यालाही कळत नसावं असा चेहरा.

ज्यांना वेळेवर रडू आलं नाही त्यांनी इथे लिहा. सल्ले नकोत, अनुभव हवेत.

* * *

भुकेचं मी सांगते. सुतकात घरात चूल नव्हती, भावकीतून जेवण यायचं. पहिल्या दिवशी कडू घास म्हणून पिठलं-भात आला. बाकी बायका दोन घास चिवडून ताट सरकवत होत्या, मला अजून भात हवा होता. मागायचा कसा? गावभर झालं असतं. रात्री फडताळातला खारीचा पुडा घेऊन मोरीत गेले, नळ सोडला आणि आवाज होऊ नये म्हणून खारी पाण्यात बुडवून खाल्ली. बाहेर चुलतसासू म्हणतीय, "आत जाऊन रडतीय बिचारी."

* * *

वरचं वाचून हसू आलं, राग मानू नका ताई.

माझं रडण्याच्या जागी संतापाचं झालं. बाबांच्या दहाव्याला पिंड ठेवला, कावळे झाडावर बसलेले, एक खाली येईना. मग आश्वासनं सुरू. आजीला सांभाळू. गाय विकणार नाही. शेवटी काका हात जोडून म्हणाले, "पोरीच्या लग्नाची काळजी करू नकोस." आणि कावळा शिवला! सगळे मोकळे होऊन रडले. मी एम.एस्सी.ला होते, बाबांनी माझ्यापुढे लग्नाचा 'ल' काढला नव्हता. जीव अडकलाच असेल तर माझ्या परीक्षेत अडकला असेल. गुरुजींकडे दर्भाचा कावळा तयार होता, तोच शिववला असता तर परवडलं असतं. संध्या इंग्रजीत एम.ए. आहे हे त्या घरात कुणाच्या खिजगणतीत नसतं, तिथे मला तो घाट आठवला.

* * *

मला सिनेमा पटला. नवऱ्याच्या कागदांत दुसरीचा फोटो सापडतो, मग त्या आकांक्षालाच (सयानी गुप्ता) भेटून 'माझा नवरा होता तरी कसा' हे शोधणं, हे उत्तम. ज्याला नीट ओळखतच नव्हती त्याच्यासाठी रडणार कशी? पण 50 लाखांचा विमा तिच्या नावावर निघाला की नातेवाइकांचा सूर लगेच बदलतो, ते ठोकळेबाज वाटलं असतं. वाटलं नाही, कारण मी विम्याचंच काम करतो. फॉर्म घेऊन गेलं की नॉमिनी बाई समोर असते आणि "पैसे कधी येणार?" हे दीर विचारतो. ती फक्त बोट दाखवू तिथे सही करते. एका घरी मात्र वहिनींनीच विचारलं, "खातं माझ्या एकटीचं चालेल ना?" दीर पाणी प्यायला म्हणून उठला तो आलाच नाही.

* * *

शेवट फार गुळगुळीत. पत्र लिहून घर सोडणं सिनेमात जमतं. बाकी नाझिया आवडली. अशी एक मैत्रीण असली की पुरे.

* * *

मी दुसऱ्या बाजूची, सासू. मुलगा गेला तेव्हा सून रडली नाही. आमच्याकडच्या बायका म्हणाल्या, हिला रडवा, नाहीतर डोक्यात जाईल. मीही तिच्यापुढे त्याचे शर्ट आणून ठेवले. तिने घड्या घातल्या. तेव्हा फार राग आला होता, दोन दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. आशुतोष राणाने केलेला बाप बघताना कळलं, माझं दुःख मोठं की तिचं हे मी मोजत बसले होते. तिचं रडणं मी आजवर पाहिलेलं नाही. ती नोकरीला जाते, नातीला मी बघते. आमचं गूळपीठ वगैरे काही नाही हं. टीव्हीच्या आवाजावरून रोज वाजतं, आणि भाजीत ती मीठ कमी घालते.