मदत हवी आहे: डिझेल पिकअप, मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

डबल कॅब, फोर बाय फोर डिझेल पिकअप घ्यायची आहे. रोज शहरातली रखडती रहदारी, महिन्यातून दोन-तीनदा 2 टनांचा ट्रेलर, वाटेत घाट, आणि शेवटी कच्च्या चढावर ट्रेलर उलटा लावणं, असा वापर आहे. नवी की लाखभर किलोमीटर चाललेली जुनी, ते अजून ठरलेलं नाही. ओझ्याला मॅन्युअलच बरी, ऑटोमॅटिक तापते, असं सगळे म्हणतात. कितपत खरं? आणि जुनी बघताना काय तपासायचं?

प्रतिसाद 1

आधी माहितीपत्रक नीट वाचा. मॉडेल एकच असलं तरी दोन्ही गिअरबॉक्सना टॉर्क (इंजिनची फिरवायची ताकद) आणि ओढायची मर्यादा सारखी असतेच असं नाही. टोयोटा हायलक्सचं 2.8 लिटर इंजिन ऑटोमॅटिकला 500 न्यूटन मीटर देतं, मॅन्युअलला 420. रॅम या अमेरिकी पिकअपच्या कमिन्स डिझेल इंजिनला 2018 मध्ये, म्हणजे मॅन्युअलच्या शेवटच्या वर्षी, हाच फरक 930 आणि 660 पाउंड-फूट इतका होता. 'ओझ्याला मॅन्युअल' हे गणित आता उलटलंय.

तुमचा निकाल घाटात नाही, त्या शेवटच्या चढावर लागणार. मॅन्युअलच्या रिव्हर्सला क्लच पूर्ण सोडला की नुसत्या आयडलवरही गाडी ताशी 7-8 किलोमीटरने मागे जाते. ट्रेलर लावायला हवेत 2-3. मधला फरक हाफ क्लचवर, म्हणजे प्लेट घासून भरून निघतो. 2 टन मागे असताना दोन-तीन मिनिटांत करपल्याचा वास येतो. प्लेटवर चकाकी चढली की पुढे ती घसरतच राहते. उपाय आहे: लो रेंज (फोर बाय फोरचे सावकाश गिअर) टाका, वेग अडीच पटीने उतरतो आणि क्लच पूर्ण सोडता येतो. मात्र फक्त माती-खडीवर. डांबरावर किंवा काँक्रीटवर पार्ट टाइम (पुढची-मागची चाकं एकत्र जखडणारी) फोर बाय फोर वळवली तर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो पीळ ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो.

ऑटोमॅटिकमध्ये हीच घसरण टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचच्या जागी असलेल्या, तेलातून ताकद पोचवणाऱ्या भागाच्या) तेलात होते. जागेवरून निघताना टॉर्क दुपटीच्या आसपास वाढतो, उष्णता तेलात जाते आणि तेल कूलरमध्ये. तुमच्या वापराला माझं मत ऑटोमॅटिकला.

प्रतिसाद 2

मत मान्य, पण 'तापते' हे खोटं नाही. घाटात वरच्या गिअरमध्ये रेंगाळत चढलात तर कन्व्हर्टरचा लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच) सुटतो आणि तेल नुसतं घुसळलं जातं. टो मोड (ओढकामाचा मोड) लावा किंवा हाताने एक गिअर खाली धरा, म्हणजे लॉक-अप टिकतो. तेल 80-95 अंशांत असेल तर ठीक. 120 च्या वर ते झपाट्याने खराब होतं. तापमान दाखवणारा काटा नसेल तर ओबीडीवर (गाडीच्या निदान-सॉकेटला यंत्र जोडून) बघता येतं. चढावर थांबताना ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा.

उतारावर मॅन्युअल-ऑटोमॅटिक दोन्हींचं सारखंच. थ्रॉटल मिटून पेट्रोल इंजिन जसं गाडीला आवरतं, तसं डिझेल आवरत नाही. म्हणून उतार लागायच्या आधीच गिअर खाली.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं एक. 'लाइफटाइम' लिहिलेलं असतं. लाइफ कुणाचं, गाडीचं की वॉरंटीचं, ते विचारायचं. ओढकाम असेल तर 60,000 किलोमीटरच्या आसपास बदला. एकदा सांडून निम्म्याहून कमीच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून मध्ये थोडी चालवून दोन-तीनदा करावं लागतं.

धागाकर्ता

मग ऑटोमॅटिककडेच कल आहे. तरी जुनी मॅन्युअल चांगली मिळाली तर? तपासणी दोन्हींची सांगा.

प्रतिसाद 1

मॅन्युअल: पाचव्या गिअरला 1500 आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा उसळला आणि वेग जागच्या जागी राहिला, तर क्लच गेला. न्यूट्रलला आयडलवर खडखड आणि इंजिन बंद करताना 'धड्' असा दणका आला तर ड्युअल मास फ्लायव्हीलवर (इंजिनचे धक्के शोषणाऱ्या, क्लचला लागून असलेल्या दुहेरी चाकावर) संशय घ्या. क्लचसोबत तोही बदलायला लागेल असं धरूनच भाव करा, कारण गिअरबॉक्स दोन्हींसाठी उतरवावाच लागतो. रिमॅप केलेली (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवलेली) असेल तर सोडून द्या.

ऑटोमॅटिक: इंजिन थंड असतानाच जा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत या. पी (पार्क) मधून आर (रिव्हर्स) ला टाकल्यावर दोन सेकंद काहीच नाही आणि मग धक्का, हे वाईट. ताशी 60-80 ला हलक्या पायाने चालवा. रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर लॉक-अप क्लच किंवा तेल. तेल काळं आणि करपलेलं असेल तर नको. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी आत गेलंय, अशा गाडीला हातही लावू नका.

प्रतिसाद 2

एक राहिलं. ऑटोमॅटिक गाडी ट्रेलर लावून चढावर उभी करताना ब्रेक दाबून न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, आणि शेवटी ब्रेक दाबून पी. उलट क्रमाने केलं तर सगळं वजन पार्किंगच्या एका छोट्या खटक्यावर येतं आणि निघताना लिव्हर ओढून निघत नाही.