अनुभव धागा: साक्ष नको, दिनक्रम सांगा

कोपरी, ठाणे पूर्व (धागाकर्ती)
उपासनेत साक्ष द्यायला उभं राहिलं की आपण काय सांगतो? ताप उतरला, मुलाला नोकरी लागली, व्हिसा आला. देवाचे आभार मानावेतच, पण त्यापलीकडचं फारसं कुणी बोलत नाही. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असं बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब बजावतो. ती कृती आपल्या ठाण्यात, नवी मुंबईत नेमकी कशी दिसते? कुणाच्या दारात, किती वाजता, ते ऐकायचंय. कॅथलिक, प्रोटेस्टंट, पेंटेकॉस्टल, कुणीही लिहा. ज्यांची सेवा केली त्यांची नावं-पत्ते नकोत. चमत्कार घडला नसेल तरी चालेल.

खारघर, गृहिणी
टाटाचं कॅन्सर केंद्र आमच्याकडून रिक्षाच्या अंतरावर. उपचाराला आलेली कुटुंबं आजूबाजूला खोल्या घेऊन राहतात. जळगाव, नांदेड, बिहार, आसाम, कुठकुठली. आमचं स्त्री मंडळ त्यांना डबे देतं. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्यातल्या एका निवृत्त नर्सताईंनी पहिल्याच बैठकीत नियम घालून दिले. केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, संसर्ग पटकन होतो, म्हणून कच्चं काही द्यायचं नाही. कोशिंबीर नाही, चिरलेली फळं नाहीत. केळं, संत्रं अशी सोलून खायची फळं, तीही अख्खी. तोंडाला रेडिएशन चालू असेल तर मिरचीचा कण लागला तरी माणूस कळवळतो, ताकसुद्धा झोंबतं. मग मऊ भात, मुगाचं वरण, तूप, दुधी शिजवून घोटलेला. आमच्यात चव घ्यायला एक मावशी मुद्दाम नेमल्यात, ज्यांना तिखट अजिबात सोसत नाही. त्यांनी मान हलवली की डबे भरायचे.

"प्रार्थना केली तर चालेल का?" हे आधी विचारतो. नको म्हणाले तर नुसतं बसतो. एक आजी म्हणाल्या, "मी आपली विठ्ठलाचं नाव घेते." म्हटलं, घ्या, मी बसलेय. त्यांचं झाल्यावर त्यांनीच माझा हात धरला, "आता तुझं म्हण."

एका मुलाकडे आमचा डबा बरेच दिवस जात होता. तो गेला. गावी निघण्याआधी त्याचे वडील डबा परत द्यायला तीन जिने चढून आले. डबा घासून लख्ख केलेला. झाकण उघडलं तर आत मूठभर साखर. रिकामा डबा परत देऊ नये, ही रीत त्या माणसाने त्या दिवशीही पाळली. मला प्रार्थना सुचली नाही. मी चहा टाकला.

चरई, ठाणे, बँकेतून निवृत्त
आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, मी व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी या गरिबांची सेवा करणाऱ्या कॅथलिक संस्थेचं काम करतो. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन सुरू केली. तुमचं चर्च आता गरिबांसाठी करतं तरी काय, असा टोमणा त्याला ऐकावा लागला होता. तेव्हापासूनची पद्धत अशी: दोघांनी मिळून जायचं, घरी जायचं, आणि घरात दिसलेलं बाहेर बोलायचं नाही.

तांदूळ-डाळ-तेल पोचवणं हे सगळ्यात सोपं काम. लाइट बिल भरणंही सोपं. अवघड काय, तर बसणं. राबोडीकडच्या एका घरी आजी चहा करतात, दूध शेजारून मागून आणतात. पहिल्यांदा माझा जोडीदार "नको नको" म्हणाला, तर त्यांचा चेहरा पडला. फक्त घेणाऱ्याच्या जागी कुणालाच बसायला आवडत नाही. तेव्हापासून चहाला नाही म्हणायचं नाही. मला मधुमेह आहे, तरीही.

जाता जाता: १३२१ साली याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. टोलेंटिनोचे थॉमस त्यांतले एक. निघाले होते चीनला, ठाण्यात उतरले आणि इथेच हौतात्म्य आलं. पुढे ओडोरिक नावाच्या धर्मबंधूने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. आमच्याकडे हे अभिमानाने सांगतात, सांगावंच. पण रक्त आपल्याकडे कुणी मागितलेलं नाही. शनिवारची दुपार मागितलीय, आणि तीच सुटत नाही.

घणसोली, तरुण संघ
आम्ही ब्लँकेट वाटपाचे फोटो बंद केले. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये म्हणून. बस, एवढंच.

वाशी
घणसोलीकर, बरोबर आहे, पण देणगीदार हिशेब मागतात. फोटो नसेल तर पुढच्या वर्षी पैसे येत नाहीत. काय करायचं?

घणसोली, तरुण संघ
सामानाचा फोटो काढतो दादा, बिलासकट. माणसांचा नाही.

माजिवडा
मे २०२०, लॉकडाउन. नाशिक हायवेने माणसं चालत निघाली होती, डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं. आम्ही चर्चची पाचसहा जणं पाणी आणि बिस्किटं घेऊन उभे राहिलो. बाजूला गुरुद्वाऱ्याचं जेवण, पलीकडे मशिदीतली मुलं चपला वाटत होती. कुणी कुणाला धर्म विचारला नाही, वेळच नव्हता. सगळ्यात जास्त मागणी कशाला होती सांगू? मोबाइल चार्जिंगला. घरच्यांना "निघालोय" एवढंच कळवायचं होतं. सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला आणि रात्रभर तोच सांभाळत बसलो. प्रवचनांत मत्तयाचा पंचविसावा अध्याय कितीदा ऐकलाय. भुकेलेला, तहानलेला, परका, यांच्यासाठी केलं ते माझ्यासाठीच केलं, असं येशू तिथे म्हणतो. चार्जरचा उल्लेख त्यात नाही, पण मला तो त्याच यादीतला वाटतो.

कळवा, शिक्षिका
मी थोडं वेगळं लिहिते. माझे यजमान कोविडमध्ये गेले. उपास केले, साखळी प्रार्थना लावली, सासूबाई नगरकडच्या, त्यांनी तर रात्ररात्र रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हटली. गेलेच. नंतर एका प्रार्थनासभेत कुणीतरी मला म्हणालं, "ताई, तुमचा विश्वास कमी पडला." मी त्या सभेला जाणं सोडलं. चर्च सोडलं नाही.

टिकले ती आमच्या मंडळीतल्या एका काकूंमुळे. त्या रोज संध्याकाळी यायच्या, येताना गवार नाहीतर मेथी घेऊन. खाली बसून निवडायच्या. वचन सांगितलं नाही, "देवाची इच्छा" म्हणाल्या नाहीत. भाजी निवडून झाली की उठायच्या. मेलेल्या मित्राला, लाजरला, आपण परत उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. मला हा प्रभू कळतो. विश्वास कमी-जास्त मोजणारा नाही कळत. भरवसा म्हणजे मनासारखं होईल याची खात्री, असं मी आता मानत नाही. तरी रोज सकाळी शाळेत निघताना "तूच बघ" म्हणते आणि लोकल पकडते.

खारघर, गृहिणी
ताई, वाचलं. तुमच्या काकूंना माझा सलाम सांगा.

ऐरोली
मी ख्रिस्ती नाही, पण सगळं वाचतोय. स्पष्ट विचारतो, राग मानू नका. डब्याबरोबर पत्रकं देता का? लोक बोलतात म्हणून विचारलं.

खारघर, गृहिणी
राग कसला, विचारलंत ते बरं झालं. नाही देत. आजारी माणसाला नाही म्हणणं जड जातं, अशा वेळी त्याच्यापुढे कागद धरणं मला पटत नाही. कुणी आपणहून विचारलं, तुम्ही हे का करता, तर येशूचं नाव घेते. लपवत नाही. आमच्या मंडळात यावर वाद आहेत, काहींना माझं म्हणणं मिळमिळीत वाटतं. वाटू दे. तुम्ही एकदा येऊन बघा, भाजी चिरायला हात कमीच पडतात.

ऐरोली
रविवारी जमेल.

नेरुळ, आयटी
मला तुरुंगभेटीचं काम करायचंय. ठाणे किंवा तळोजा. कुठून सुरुवात करू?

चरई, ठाणे, बँकेतून निवृत्त
थेट गेटवर जाऊ नका, आत सोडणार नाहीत. तुरुंग प्रशासनाची परवानगी लागते आणि ती संस्थेमार्फत मिळवणं सोपं जातं. तुमच्या फादरांना नाहीतर पाळकसाहेबांना विचारा, तुरुंगसेवा करणाऱ्या गटाशी ते गाठ घालून देतील. कैद्याला "काय केलंस" हे विचारायचं नाही. कोर्टाच्या तारखेबद्दल, जामिनाबद्दल कसलंही आश्वासन द्यायचं नाही. बाहेर निरोप पोचवायचा नाही, कितीही गयावया केली तरी. आणि नाताळला जाऊ नका, तेव्हा केक घेऊन सगळेच येतात. जुलैत जा, पावसात तिकडे कुणी फिरकत नाही.