'साखर आळशांना होते' म्हणणाऱ्यांनी एकदा डॉ. याज्ञिकांचं काम वाचा

बांधावरचा:
परवा 'सडेतोड' यांनी इथे लिहिलं, "मधुमेह म्हणजे जिभेच्या चोचल्यांची आणि सोफ्याची शिक्षा. आमचे आजोबा गूळभाकरी खायचे, नांगर धरायचे, त्यांना कुठे होती साखर?" खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. दोन दिवस गप्प राहिलो, आता राहवत नाही.

माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा, वजन ५४ किलो. पहाटे चारला गोठ्यात, मग दिवसभर उसात. खुरपं लागलेली पायाची जखम दोन महिने भरेना म्हणून रक्त तपासलं, तर साखर ३४०. जो भेटेल त्याचा पहिला प्रश्न, "गोड फार खातोस का रे?" शेवटी त्याने गावात सांगणंच सोडलं. गोळ्या ज्वारीच्या कणगीमागे लपवून ठेवतो. तुमच्या त्या वाक्याने माणूस औषधसुद्धा चोरून घ्यायला लागतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी याच कोड्यात उभं आयुष्य घातलं. पुस्तकातला टाइप टू, म्हणजे सर्रास दिसणारा मधुमेह, उतारवयातल्या लठ्ठ माणसाचा, आणि समोर येणारे रुग्ण तरुण, अंगाने बारीक. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल यांच्याबरोबर. आयांचं सरासरी वजन ४२ किलो. बाळं २.७ किलोची, तर साउदॅम्प्टनची ३.५. पण आपली बाळं सगळीकडून सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली. दिसायला काडी, आत चरबी. लंडनच्या गोऱ्या बाळांशी तुलना केली तेव्हा नाळेच्या रक्तातलं, साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिनही आपल्याच बाळांत जास्त निघालं. जन्माच्या दिवशी! त्यांनी कुठले चोचले केले होते?

हीच मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा जवळपास निम्मी कमी वजनाची होती. तरी मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची साखर सामान्यापेक्षा वर गेलेली. खेड्यातली पोरं ही. सोफा कुठला काढलात?

सडेतोड:
तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण एका भावावरून कायदा होत नाही. आमच्या सोसायटीत सकाळी खाली उतरा. चाळीस घरांत तीस जणांना साखर, आणि तिसाच्या तीस जणांचं पोट शर्टाच्या गुंड्यांवर ताण देतंय. यांच्या हातात 'गर्भातच ठरलंय' दिलंत की चालणं बंद. आधी 'खानदानी आहे' म्हणायचे, आता 'आईच्या पोटातून आलंय' म्हणतील. मी स्वतः ११ किलो उतरवले, साखर ताळ्यावर आली. हा पुरावा माझ्या अंगावर आहे.

बांधावरचा:
गर्भातच ठरलंय असं कुणीही म्हटलेलं नाही. बीज तिथे पडतं, पुढचं खतपाणी आपण घालतो. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. काट्यावर दोघे सारखे. म्हणून आपल्याकडे नुसता काटा बघून 'तुला काय होणार' म्हणणं धोक्याचं आहे. आणि आजोबांची साखर कुणी तपासली होती? पायाला गँगरीन होऊन गेले तर 'वात झाला' म्हणायचे.

वनिता_कवठेमहांकाळ:
वा! म्हणजे आता साखरही आईच्याच माथी. मूल काळं झालं आईमुळे, मुलगी झाली आईमुळे, आणि चाळीस वर्षांनी लेकाला मधुमेह झाला तोही आईमुळे. ती ४२ किलोची का होती, हे कुणी विचारणार की नाही?

मी सांगते. पहिल्या खेपेला सासूबाई म्हणायच्या, "जास्त खाऊ नको, पोर मोठं होईल, बाळंतपण अडेल." घरात दोन म्हशी, दूध सगळं डेअरीला. पुरुष जेवले, पोरं जेवली, मग पातेल्याच्या बुडाला उरलेलं कालवण आमचं. सातव्या महिन्यात भांगलायला जात होते. लेक २ किलो १०० ग्रॅमचा झाला. आज तो २७ वर्षांचा आहे, आणि हे वाचल्यापासून मला झोप नाही.

बांधावरचा:
ताई, माझं लिहिणं तसं वाचलं गेलं असेल तर चूक माझी. त्याच सहा गावांत दिसलं, की ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खायच्या त्यांची बाळं भरलेली होती, आणि कष्टाचं काम जास्त तिथे बाळं लहान. दोष आईचा नाही, तिला वाढणाऱ्या हातांचा. हे मी पहिल्याच वेळी लिहायला हवं होतं. लेकाची साखर एकदा तपासून घ्या, घाबरू नका.

कट्टा_शाकाहारी:
त्या अभ्यासात दोनतृतीयांश आयांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, हेही लिहा की! आणि लगेच 'अंडी खा, मटण खा' सुरू होणार, म्हणून आधीच सांगतो: आमच्या सात पिढ्या शाकाहारी.

रस्सा_कोल्हापुरी:
सात पिढ्यांचं बी-१२ मोजलं होतं का? ते वनस्पतीत नसतं. दूध, अंडी, मासे, मटण, बस्स. तुमचं जेवण हलकं आणि आमचं जड, हे ऐकत मोठा झालो. शाळेच्या डब्यात अंडं होतं म्हणून मला वेगळं बसवलं होतं. आता विज्ञान आमच्या बाजूने आहे.

कट्टा_शाकाहारी:
दूध आहे ना! दुधात मिळतं.

वनिता_कवठेमहांकाळ:
दूध डेअरीला जातं, वर लिहिलंय.

रस्सा_कोल्हापुरी:
आणि चहात दोन चमचे घालता तेवढ्या दुधाने भागत नाही. हट्ट सोडा.

कट्टा_शाकाहारी:
तुम्ही माणसाला नाही, जातीला उत्तर देताय. मी थांबतो.

दवाखाना_सहा_ते_नऊ:
थांबू नका, पण ताटावरून भांडूही नका. गावातले 'मांसाहारी' लोकही आठवड्याला, पंधरवड्याला एकदाच खातात, त्यांचंही बी-१२ कमी निघतं. मी रोज बघतो. वर्षानुवर्षं मधुमेहावरचं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं तर आणखी उतरतं, तळपायांची आग होते आणि सगळं खापर साखरेवर फुटतं. बी-१२ची गोळी घ्या, प्रश्न मिटला. शाकाहार सोडायची गरज नाही.

एक मात्र नीट वाचा. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट (फोलिक ॲसिड हे त्याचंच रूप) जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देणं सर्वांत जास्त दिसलं. याचा अर्थ गरोदरपणात फोलिक ॲसिड बंद करा असा नाही. बाळाच्या मज्जारज्जूसाठी ते लागतंच. जोडीला बी-१२ हवं, एवढाच अर्थ. याज्ञिकांच्या गटाने २०१२पासून त्याच गावांतल्या वयात आलेल्या मुलींना आणि मुलग्यांनाही बी-१२ दिलं, लग्नाच्या आधीच. मुलग्यांनाही, हे वनिताताईंसाठी.

सडेतोड:
आणि जनुकं? धाग्यात अजून कुणी बोललं नाही.

दवाखाना_सहा_ते_नऊ:
तिथेही तुमचा पोट-सिद्धांत पुरत नाही. एफटीओ हे जनुक युरोपात आधी वजन वाढवतं आणि त्यातून मधुमेह. याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले गिरिराज चांडक यांच्या २००९च्या अभ्यासात बीएमआयचा हिशोब वजा केला तरी मधुमेहाशी नातं उरलंच. २०२०मध्ये पुणे, हैदराबाद आणि इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांनी दाखवलं, की युरोपीय माणसांवरून बनवलेला जनुकीय गुणांक (जनुकांवरून काढलेला धोक्याचा आकडा) आपल्याकडेही टाइप वन (ज्यात शरीरात इन्सुलिन बनणंच बंद होतं) आणि टाइप टू वेगळे ओळखायला उपयोगी पडतो.

पनवेलची_मावशी:
हे आमच्या घरी घडलंय. भाचा २४चा, हडकुळा. एका डॉक्टरांनी टाइप टू म्हणून दीड वर्ष गोळ्यांवर ठेवला. अतिदक्षता विभागात गेल्यावर कळलं, टाइप वन. इन्सुलिन आधीच द्यायला हवं होतं. त्या दीड वर्षात आम्ही सगळ्यांनी त्याला एकच ऐकवलं, पथ्य पाळत नाहीस. तो पाळत होता.

सडेतोड:
मावशी, हे वाचून गप्प झालो. गुळाचं आणि आजोबांचं वाक्य मागे घेतो. सोफ्याचं घेत नाही; माझ्या सोसायटीला ते लागू आहे आणि मी रोज सकाळी त्यांना चालायला ओढणार. बांधावरचा, तुमच्या भावाची जखम कशी आहे?

बांधावरचा:
भरली. डाव्या करंगळीचं टोक गेलं. काल त्याला हा धागा वाचून दाखवला. याज्ञिकांच्या फोटोची गोष्ट त्याने दोनदा विचारली. गोळ्या अजून कणगीमागेच आहेत.