डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं एम-थ्रीत (गणिताच्या तिसऱ्या पेपरात) का अडकतात?

पंचवटीकर (प्रश्न)
दहावीनंतर नाशिक रोडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून डीएसईने (थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाने) इंजिनिअरिंगला जावं, की अकरावी-बारावी सायन्स करून सीईटीने? शेवटी दोघं एकाच वर्गात बसतात. मग निकालात फरक पडतो का, आणि पडतो तर कुठे? ‘मुलावर अवलंबून आहे’ हे ऐकून झालंय, म्हणून विषयवार सांगा. मेकॅनिकल किंवा ई अँड टीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) विचार आहे.

गणितवाला
फरक पडतो, पण सगळीकडे नाही. खरा खड्डा गणिताचा.

डिप्लोमाच्या बहुतेक शाखांत पहिल्या सत्रात बेसिक मॅथ्स, दुसऱ्यात अप्लाइड मॅथ्स, की गणित संपलं. पुढची दोन वर्षं मुलगा इंटिग्रेशनला हात लावत नाही. सीईटीवाल्याचं उलट. सीईटीच्या २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे, म्हणून बारावीपर्यंत हात चालू राहतो. वर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात एम-वन आणि एम-टू होतं. डीएसईवाला हे दोन्ही पेपर न देता थेट एम-थ्रीला बसतो.

एक उदाहरण घ्या. (डी-स्क्वेअर + ४) वाय = साइन २एक्स, इथे डी म्हणजे एक्सच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घेण्याचा ऑपरेटर. पर्टिक्युलर इंटिग्रल काढताना डी-स्क्वेअरच्या जागी −४ ठेवलं की छेद शून्य होतो. नुसतं सूत्र पाठ असलेला मुलगा इथे पेन खाली ठेवतो. खरं तर बाहेर एक्स घ्यायचा, छेदाचं डीच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, म्हणजे २डी. १/डी म्हणजे इंटिग्रेशन. उत्तर येतं −(एक्स/४) कॉस २एक्स. दोन ओळींचं काम आहे, पण ऑपरेटर म्हणजे काय हे कळलेलं लागतं.

व्हेक्टर कॅल्क्युलसमध्येही तेच. ग्रॅडिएंट, कर्लला पार्शल डिफरन्सिएशन लागतं आणि ग्रीन, गॉस, स्टोक्सच्या प्रमेयांना डबल-ट्रिपल इंटिग्रल. दोन्ही पहिल्या वर्षातली. शिक्षक ‘हे तुम्हाला येतंच’ म्हणून पुढे सरकतात, आणि त्यांचंही चूक नाही, कारण वर्गातल्या बाकीच्यांना ते आलेलं असतं.

सातपूर_एमआयडीसी
गणिताबद्दल सहमत, पण दुसरी बाजूही मांडायला हवी. मशीन ड्रॉइंग, वर्कशॉप, सर्किट जोडणं, मीटर लावून रीडिंग घेणं, ओरल, टर्मवर्क यांत डिप्लोमावाला पुढे असतो. ब्रेडबोर्डवर आउटपुट आलं नाही तर तो आधी सप्लाय आणि ग्राउंड तपासतो. बारावीवाल्याला हे शिकायला सत्र जातं. शिवाय डीएसईवाल्याच्या डोक्यावर पहिल्या वर्षाचा बॅकलॉग नसतो. सीईटीवाले कित्येकदा एम-वन किंवा मेकॅनिक्सचा केटी (राहिलेला विषय) घेऊनच दुसऱ्या वर्षात येतात.

आकडे बघताना एक चूक सर्रास होते. डिप्लोमाचे ९० टक्के आणि सीईटीचे ९० पर्सेंटाइल शेजारी ठेवतात. पर्सेंटाइल ही क्रमवारी आहे, तर डिप्लोमाच्या टक्क्यांत प्रॅक्टिकल आणि अंतर्गत गुण मिसळलेले असतात. मुलगा डिग्रीत कसा टिकेल हे बघायचं तर त्याचे अप्लाइड मॅथ्सचे फक्त थिअरीचे गुण काढून बघा.

पंचवटीकर
म्हणजे डिप्लोमा केला तर गणिताची तयारी आधी करून घ्यायची. कधी आणि किती?

गणितवाला
डिप्लोमाच्या सहाव्या सत्राची परीक्षा संपली की लगेच. डीएसईच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्या संपेपर्यंत दुसऱ्या वर्षाचे वर्ग बहुतेकदा सुरू झालेले असतात, त्यामुळे प्रवेश झाल्यावर बघू म्हटलं की पहिलं युनिट गेलंच. रोज दीड तास, सहा आठवडे. पहिले दोन आठवडे फक्त इंटिग्रेशन, त्यातही बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन. मग पार्शल डिफरन्सिएशन, मग डबल इंटिग्रलच्या मर्यादा आकृती काढून बसवणं. शेवटी पहिल्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स, ती अप्लाइड मॅथ्समध्ये झालेली असतात, उजळणी पुरते. एम-थ्रीतली युनिट्स शाखेनुसार बदलतात आणि नाशिकची काही कॉलेजं आता स्वायत्त आहेत, तेव्हा अभ्यासक्रम त्याच कॉलेजचा घ्या.

सातपूर_एमआयडीसी
पेपर लिहिण्याची सवयही बदलावी लागते, आणि याकडे जवळजवळ कुणी बघत नाही. एमएसबीटीईच्या (डिप्लोमाची परीक्षा घेणारं मंडळ) ७० गुणांच्या पेपरात दोन, चार, सहा गुणांचे प्रश्न असतात, ‘कोणतेही तीन’ असा पर्याय असतो, म्हणून एखादा धडा सोडूनही भागतं. पुणे विद्यापीठाच्या सत्राअखेरच्या परीक्षेत पर्याय त्याच युनिटमधला. युनिट सोडलं की त्याचे सगळे गुण गेले. त्यात डीएसईवाल्याचा सीजीपीए (सगळ्या सत्रांची सरासरी श्रेणी) सहाच सत्रांवर निघतो, आठवर नाही. तिसरं सत्र बिघडलं तर ते भरून काढायला पाचच उरतात. म्हणून मुलाला पहिल्या महिन्यातच विद्यापीठाचा जुना पेपर घड्याळ लावून, पूर्ण लिहून काढायला बसवा.