अडचणीच्या काळात साचलेली ई-चलने आता कशी फेडावीत?

प्रश्न : भोसरीचा दुचाकीस्वार

नमस्कार. २०२२ च्या अखेरीस मी काम करीत असलेला कारखाना बंद पडला आणि पुढच्याच महिन्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. दीड-दोन वर्षे घर चालवण्यासाठी मी दुचाकीवरून पार्सले पोहोचवण्याचे काम केले. मिळेल तो पैसा औषधे, फिजिओथेरपी आणि घरभाडे यांत जात असल्यामुळे मोबाइलवर चलनाचा संदेश आला की मी तो न उघडताच पुढे जात असे. माझी चूक मला मान्य आहे, त्यामुळे येथे सहानुभूती मागण्याचा हेतू नाही.

आता मला पुन्हा नियमित नोकरी लागली आहे. गेल्या आठवड्यात धीर करून गाडीचा क्रमांक टाकून पाहिले, तेव्हा ११ चलने आणि एकूण ८,५०० रुपये थकीत दिसले. त्यात विनाहेल्मेटची सहा, सिग्नल मोडल्याची दोन, नो पार्किंगचे एक, विमा संपलेला असल्याबद्दल नाकाबंदीत झालेले २,००० रुपयांचे एक आणि ट्रिपल सीटचे १,००० रुपयांचे एक आहे. हे शेवटचे चलन मला पटत नाही, कारण छायाचित्रातली गाडी लाल आहे आणि माझी काळी. विमा आजही संपलेलाच आहे.

एकदम ८,५०० रुपये काढणे मला शक्य नाही, मात्र महिन्याला दीड ते दोन हजार रुपये बाजूला ठेवता येतील. हप्त्याने भरता येते का? लोकअदालतीची वाट पाहावी का? कामावरचे एक सहकारी म्हणतात की सहा महिन्यांनंतर चलन आपोआप रद्द होते, म्हणून काहीच भरू नये. पुढच्या वर्षी गाडी विकून टाकण्याचाही विचार आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त लिपिक, चिंचवड

सर्वप्रथम, आपण ८,५०० हा एकच आकडा डोळ्यांसमोर ठेवला आहे, तो मोडून पाहावा. ही एक थकबाकी नसून अकरा वेगवेगळी प्रकरणे आहेत आणि प्रत्येक चलन स्वतंत्रपणे भरता येते. एकाच चलनाचे दोन तुकडे करून हप्ते पाडण्याची सोय नाही, परंतु या महिन्यात तीन आणि पुढच्या महिन्यात तीन असे भरण्यास काहीच आडकाठी नाही. बँकेच्या कर्जासारखे व्याजही त्यावर चढत नाही. राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की प्रत्येक चलनाची तारीख, ठिकाण आणि छायाचित्र दिसते. ऑनलाइन व्यवहाराची भीती वाटत असेल तर कोणत्याही वाहतूक चौकीत जाऊन चलन यंत्रावर भरावे आणि पावती मागून घ्यावी.

तरीही पहिले दीड हजार चलनांवर खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी विमा घ्या. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीसाठी फक्त तृतीय पक्ष विम्याचा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणाऱ्या) वार्षिक हप्ता २०२२ च्या दरपत्रकानुसार ७१४ रुपये आणि त्यावर कर असा आहे. त्याच्या जोडीला पीयूसी काढून घ्या. विम्याविना गाडी चालवण्याचा पहिला दंड २,००० आणि त्यानंतरचा ४,००० रुपये आहे, म्हणजे जुने फेडत असताना एका नाकाबंदीत नवा डोंगर उभा राहू शकतो. दंडाचे एक वेळ सोडा. विमा नसताना कोणाला धक्का लागला तर नुकसानभरपाई आपल्यालाच आयुष्यभर फेडावी लागेल. आणि हेल्मेट. सहा चलने एकाच कारणासाठी झाली आहेत, तेव्हा अधिक बोलत नाही.

लाल गाडीच्या चलनाविरुद्ध राज्य वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रार नोंदवता येते. आपल्या गाडीची समोरून व मागून, नंबरप्लेट स्पष्ट दिसेल अशी छायाचित्रे आणि नोंदणी प्रमाणपत्र जोडावे. मात्र ते चलन कोणी केले ते आधी पाहावे. पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय २०१८ पासून पुण्याहून वेगळे आहे. दोन्हीकडची चलने एकाच यादीत दिसतात, पण चौकशी ज्याचे चलन त्याच्याच कार्यालयात होते. आमच्या शेजाऱ्यांनी हे न पाहता चुकीच्या चौकीत तीन फेऱ्या मारल्या.

उत्तर २ : नाशिकचे वकील

सहा महिन्यांचा मुद्दा अर्धवट ऐकून पसरवला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, अशी मुदत पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना ही मुदत एक वर्षाची आहे. विम्याविना वाहन चालवण्याच्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद असल्यामुळे ते चलन या दुसऱ्या गटात मोडते. आपल्या सहकाऱ्यांना एवढेच ठाऊक असावे.

त्यांनी सोडलेला भाग असा. ही मुदत न्यायालयावर बंधनकारक आहे, पोलिसांच्या संगणकावर नव्हे. सहा महिने उलटले म्हणून यादीतली नोंद आपोआप पुसली जात नाही. आपले चलन मुदतीत न्यायालयाकडे गेले असेल तर हा बचाव उरतच नाही, आणि गेले नसेल तरी योग्य कारण दिसल्यास किंवा न्यायहितासाठी विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. त्यामुळे मुदतीचा मुद्दा न्यायाधीशांपुढे मांडण्याजोगा आहे, पण घरी बसून चलन फाडून टाकण्याचा तो परवाना नव्हे. गाडी विकायची असल्यास थकीत चलने आरटीओत नाव बदलताना पुढे येतात, आणि न आली तरी घेणारा ती पाहूनच भाव पाडतो. विक्रीनंतर गाडी लगेच नव्या मालकाच्या नावावर करून घ्या, अन्यथा त्याने मोडलेल्या सिग्नलचे संदेश आपल्याच मोबाइलवर येत राहतील.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. चलन भरणे म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालील तडजोड असते. त्या प्रकरणात पुढे खटला चालत नाही, परंतु २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो गुन्हा 'पूर्वीचा गुन्हा' म्हणून धरला जातो आणि त्याच कारणासाठी पुन्हा पकडले गेल्यास वाढीव दर लागतो. आपल्या सिग्नलच्या दोन चलनांतले दुसरे बहुधा १,५०० चे असेल, तो असाच दुसऱ्या वेळचा वाढीव दर. म्हणून जे चलन मुळातच चुकीचे आहे, ते 'जाऊ दे, हजारच रुपये आहेत' म्हणून भरू नये.

आपल्या उत्पन्नावर वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तेथे मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे.

उत्तर ३ : साताऱ्याची शिक्षिका

लोकअदालतीचा माझा अनुभव सांगते, कारण त्याबद्दल अवास्तव अपेक्षा ठेवल्या जातात. यजमानांच्या आजारपणात आमच्याही स्कूटरची चलने साचली होती. संदेशातून लोकअदालतीची तारीख आली आणि मी दवाखान्याची कागदपत्रे घेऊन तालुक्याच्या न्यायालयात गेले. रांग मोठी होती. पॅनेलवरील न्यायाधीशांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले. दोन जुनी चलने कमी रकमेत मिटली, उरलेली चार मात्र पूर्ण भरावी लागली. सरसकट अर्धी सूट वगैरे काही नव्हते. तेथे झालेली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील करता येत नाही, म्हणून आकडा पटला तरच सही करावी.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सवलतीच्या बातम्या बहुधा दुसऱ्या राज्यांच्या असतात. कर्नाटकने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत दंडावर ५० टक्के सूट दिली होती. तेलंगणाने २०२२ मध्ये दुचाकींना ७५ टक्के दिली होती. आपल्याकडेही तसे होईल म्हणून माझ्या भावाने वर्षभर वाट पाहिली आणि तेवढ्यात त्याची आणखी चार चलने झाली.

दादा, एक सूचना. थकीत चलन भरण्यासाठी म्हणून संदेशातून एपीके फाइल (मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) आली तर ती अजिबात उघडू नका. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांचे बँक खाते अशाच फाइलमुळे रिकामे झाले. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा आणि त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, ते पाहावे.

प्रश्नकर्त्याचा पाठपुरावा : दोन महिन्यांनंतर

सर्वांचे आभार. विमा आणि पीयूसी त्याच आठवड्यात काढून घेतले. वडिलांच्या उपचारांच्या कागदपत्रांसह एकदा लोकअदालतीत जावे असे मनात होते, परंतु पुढची तारीख लांब होती आणि तोवर थांबण्याची माझी तयारी नव्हती. पहिल्या महिन्यात विनाहेल्मेटची तीन चलने भरली, दुसऱ्या महिन्यात उरलेली तीन आणि नो पार्किंगचे एक. म्हणजे ३,५०० रुपये गेले.

लाल गाडीची तक्रार पहिल्यांदा 'छायाचित्र अस्पष्ट' असा शेरा मारून परत आली. मग मी संबंधित विभागात प्रत्यक्ष गेलो. तेथील हवालदारांनी पडद्यावर छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा नंबरप्लेटवरचा ३ हा आकडा ८ म्हणून वाचला गेल्याचे लक्षात आले. नवीन तक्रार त्यांनीच नोंदवून दिली आणि अठरा दिवसांनी ते चलन यादीतून गेले.

आता सिग्नलची दोन आणि विम्याचे एक, असे ४,००० रुपये उरले आहेत. सिग्नलची दोन्ही येत्या पगारात आणि विम्याचे त्याच्या पुढच्या पगारात भरेन. मुदतीचा मुद्दा त्यांना कदाचित लागू पडला असता, पण सिग्नल मीच मोडला होता आणि गाडी विकताना यादी कोरी हवी आहे, म्हणून तो वाद घातला नाही.